पक्या, फ्लायबॅकला हात लावायच्या आधी

प्रिय पक्या,

तुझं पत्र मिळालं, जुन्या टीव्हीतला फ्लायबॅक, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर, काढून ठेवलायस हे वाचून माझेच हात शिवशिवायला लागले. पण ५५५ टायमर आयसी आणि एकच ट्रान्झिस्टर लावून चालवायचं म्हणतोयस ना, ते नको रे. चालतं, नाही असं नाही, पण तो बिचारा दर सायकलला वाहता करंट तोडतो आणि उलटा झटका त्याच्याच अंगावर येतो, मग तापतो आणि जातो. सरळ झेडव्हीएस (झीरो व्होल्टेज स्विचिंग) कर. दोन मॉसफेट (स्विचसारखे ट्रान्झिस्टर, गेट म्हणजे चालू-बंद करणारी पिन, ड्रेन म्हणजे करंट आत येणारी), प्रत्येकाचं गेट फास्ट डायोडमधून दुसऱ्याच्या ड्रेनला, म्हणजे एक चालू झाला की दुसऱ्याचं गेट खाली खेचतो, फ्रिक्वेन्सी कॉइल आणि कपॅसिटर आपापसात ठरवतात, आणि स्विचिंग व्होल्टेज शून्याजवळ असताना होतं म्हणून हीटसिंक फार तापत नाही. १९५० च्या दशकातल्या रॉयर ऑसिलेटरच्याच घराण्यातलं सर्किट आहे हे.

मॉसफेट घेताना एक बघ. ड्रेनवर सप्लायच्या ३.१४ पट पीक येतो, २४ व्होल्ट दिलेस तर ७५. आयआरएफझेड४४ पडलाय म्हणून लावशील, तो ५५-६० व्होल्टचा, गेलाच समज. २०० व्होल्टवाला आयआरएफपी२५० घे. गेटवर १२ व्होल्टचे झेनर (व्होल्टेज त्याच्यावर चढू न देणारे डायोड) विसरू नकोस. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलिनचाच, ०.६८ मायक्रोफॅरडच्या आसपास, कारण त्याच्यातून फिरणारा करंट सप्लायच्या करंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, साधा लावलास तर फुगेल. फेराइटच्या उघड्या बाजूवर जाड वायरचे ५ + ५ वेढे, दोन्ही एकाच दिशेने, मधून टॅप, आणि टॅपला सप्लाय चोकमधून, म्हणजे करंटचे झटके अडवणाऱ्या कॉइलमधून.

आता खरी गोम. हे सर्किट चालताना क्वचित मरतं, सुरू होताना मरतं. सप्लाय हळूहळू चढवलास तर दोन्ही गेट अर्धवट उघडतात, कोणीच जिंकत नाही, ऑसिलेशन सुरूच होत नाही आणि दोघंही शॉर्टसारखे करंट ओढत बसतात. म्हणून व्होल्टेज आधी सेट कर, मग स्विच मार. मध्ये फ्यूज हवाच. सप्लाय लेचापेचा असेल तर आर्क (हवेतून उडणारी ठिणगी) पडल्यावर व्होल्टेज बसतं आणि परत तेच रामायण.

फ्लायबॅकच्या खालच्या पिनांतली रिटर्न पिन, म्हणजे हाय व्होल्टेजचं परतीचं टोक, शोधायला सुकी लांब काठी घे, तिच्या टोकाला फ्लायबॅकची हाय व्होल्टेजची जाड लाल वायर बांध आणि एकेका पिनेजवळ ने, जिथे सगळ्यात दणदणीत आर्क पडेल ती. दुसरा हात खिशात. हवा फुटायला सेंटीमीटरला साधारण ३० किलोव्होल्ट लागतात, तेव्हा आधी जवळून पेटव, मग ओढ. तापलेली हवा स्वतःच करंट वाहून नेते म्हणून आर्क लांबतो, त्या लांबीवरून व्होल्टेज मोजत बसू नकोस.

आणि हाय फ्रिक्वेन्सीचा शॉक लागत नाही हे तुझ्या त्या दोस्ताने सांगितलेलं डोक्यातून काढ. नंतरच्या फ्लायबॅकमध्ये आत डायोड असतो, बाहेर येतं ते डीसी, तिथे फ्रिक्वेन्सीचा प्रश्नच कुठे आला? बंद केल्यावरही चार्ज राहतो, काठीला बांधलेली लाल वायर रिटर्न पिनेला टेकवून शॉर्ट कर आणि मगच हात लाव. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरच्या तर नादीच लागू नकोस, तो २००० व्होल्टला जीव घेण्याइतका करंट आरामात देतो. खिडकी उघडी ठेव, ओझोनने घसा धरतो.

चोकसाठी कोणता कोअर मिळालाय ते कळव, वेढे किती ते मी सांगतो.

तुझाच,
बाळ्या