सुट्या भागाचे पोलाद निवडताना आधी मोडलेला भाग तपासावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतीच्या नव्या यंत्रांविषयी वर्तमानपत्रांत भरपूर मजकूर छापून येतो. ज्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, पण जी आजही शेतात राबत आहेत, अशा जुन्या यंत्रांविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. त्यांच्या पिना, बुश (पिन ज्यात फिरते ती बदलता येणारी नळी), शाफ्ट आणि पाती बाजारात मिळत नाहीत, म्हणून ती लेथवर किंवा भट्टीवर करून घ्यावी लागतात. हे काम करणाऱ्यांच्या हातात कसब असते आणि मापेही बिनचूक उतरतात. धातू कोणता घ्यावा हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा हाताशी असलेल्या तुकड्यावर किंवा दुकानातील सर्वांत भारी मालावर सोडला जातो. या दोन्ही सवयींनी चांगली यंत्रे अकाली निकामी होतात, आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, पोलादाची निवड मोडलेला भाग तपासून करावी. आपल्याकडे तो भाग लेथवर माप घेण्यापुरता ठेवतात आणि लगेच भंगारात टाकतात. वास्तविक तो वाकला, झिजला, गंजला की तुटला, आणि तुटला असेल तर कसा तुटला, यावरून नवे पोलाद कोणते असावे याचे निम्मे उत्तर मिळते. तुटलेल्या शाफ्टचे टोक रॉकेलने स्वच्छ करून उजेडात तिरके धरून पाहावे. पुष्कळदा त्यावर दोन वेगळे भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा असतात, तर दुसरा भाग खरखरीत व दाणेदार असतो. हा शाफ्ट एका झटक्यात तुटलेला नसतो. एखाद्या तीक्ष्ण कोपऱ्यापासून, चावीच्या (चाक शाफ्टवर पक्के धरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) खाचेपासून किंवा वेल्डिंगच्या कडेपासून बारीक चीर सुरू होते, प्रत्येक फेऱ्यासरशी ती थोडी थोडी आत सरकत जाते, आणि उरलेला धातू भार पेलेनासा झाला की शेवटचा तुकडा खाडकन तुटतो. खरखरीत भाग जितका लहान, तितका त्या शाफ्टवरचा नेहमीचा भार हलका होता असे समजावे, कारण इतका थोडा धातू शिल्लक असेपर्यंत तो शाफ्ट फिरतच होता. म्हणजे मूळ पोलाद कमजोर नव्हते. अशा ठिकाणी महाग पोलाद आणून त्याच तीक्ष्ण खांद्याचा (जाडी जिथे एकदम बदलते त्या पायरीचा) शाफ्ट पुन्हा कातला, तर तोही तिथेच तुटण्याची शक्यता मोठी असते, कारण पोलाद जितके कडक तितके ते खाच आणि ओरखडा यांना जास्त जपावे लागते. खांद्याच्या कोपऱ्याला शक्य तेवढी गोलाई द्यावी, टूलच्या रेघा पॉलिशने काढाव्यात आणि चावीच्या खाचेचा तळ कोपऱ्यात काटकोनी ठेवू नये. एवढ्याने साध्या पोलादाचा शाफ्टही अधिक काळ टिकतो.

शाफ्ट तुटलेला नसून चालताना नुसता लवत असेल, आणि त्यामुळे साखळी उतरत असेल किंवा बेअरिंग तापत असेल, तर भारी पोलाद घेण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तो चुकीचा आहे. पोलाद साधे असो वा मिश्र (इतर धातू मिसळलेले), मऊ असो वा पाणी दिलेले (तापवून एकदम थंड करून कडक केलेले), लवचिक मर्यादेत ते सारखेच लवते, कारण सर्व पोलादांचा स्थितिस्थापकतेचा गुणांक २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतो. मिश्र पोलाद कायमचे वाकण्यापूर्वी जास्त भार सोसते हे खरे, पण त्याच भाराखाली ते कमी लवत नाही. लवणे कमी करायचे तर व्यास वाढवावा लागतो, आणि त्याचा लाभ मोठा असतो. २५ मिलिमीटरऐवजी २८ मिलिमीटर व्यास घेतला, तर शाफ्टची ताठरता सुमारे ५७ टक्क्यांनी आणि पीळ सोसण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. बेअरिंगमध्ये तेवढी जागा काढता येत असेल, तर साधेच पोलाद थोडे जाड घेणे हा मिश्र पोलादापेक्षा पुष्कळदा चांगला उपाय ठरतो.

दुकानात पोलाद अजूनही 'ईएन' क्रमांकाने मागितले जाते. हे क्रमांक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश मानकांमधून आलेले आहेत आणि ती केवळ यादी आहे. क्रमांक मोठा म्हणजे पोलाद चांगले, हा समज यंत्रदुरुस्तीत फार खोलवर रुजला आहे. ईएन ३१ हे सुमारे १ टक्का कार्बनचे, बेअरिंगसाठी वापरले जाणारे पोलाद आहे. पाणी दिल्यावर ते अत्यंत कडक होते, पण धक्के खाणाऱ्या शाफ्टसाठी ते मुळीच योग्य नाही. ईएन ८ मध्ये कार्बन सुमारे ०.४ टक्के असतो, आणि जुन्या यंत्रांच्या बहुतेक शाफ्टना, पिनांना व चाव्यांना ते पुरेसे होते. ज्या शाफ्टवर खरोखर मोठा पीळ आणि धक्का येतो, तिथे ईएन १९ किंवा ईएन २४ घ्यावे. मात्र या मिश्र पोलादांचा गुण त्यांच्यावर झालेल्या उष्णता-प्रक्रियेत असतो. मऊ केलेल्या अवस्थेतील ईएन २४ तसेच कातून बसवले, तर जास्तीच्या पैशाचा मोबदला फारसा मिळत नाही. हे पोलाद कारखान्यातच पाणी देऊन टेम्पर केलेल्या (पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवलेल्या) अवस्थेतही मिळते. ते कार्बाइड टूलने कातता येते आणि भट्टीची गरज उरत नाही. घरगुती कामासाठी तेच मागून घ्यावे.

आता पिना आणि बुश यांच्याकडे वळतो, कारण जुन्या यंत्रांत सर्वाधिक काम याच जोडीचे निघते. येथे झीज कोणाची व्हावी हे आधी ठरवावे लागते. जो भाग बदलायला सोपा आणि स्वस्त, तो मऊ असावा. बुश ज्यात बसतो ते ओतीव घर झिजले तर यंत्र उघडून बोअर करावे लागते, पिन झिजली तर नवी कातावी लागते, पण बुश झिजला तर तो ठोकून काढून दुसरा बसवता येतो. म्हणून पिन ईएन ८ ची करून तिचा पृष्ठभाग कडक करून घ्यावा, बुश गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) किंवा ओतीव लोखंडाचा करावा आणि ग्रीसची वाट मोकळी ठेवावी. पिन कडक केली आणि बुशही त्याच पोलादाचा कडक केला, तर ग्रीस कमी पडताच दोन्ही एकमेकांना ओरबाडतात आणि पकडून बसतात. मऊ पिन मऊ बुशात घातली तरी तेच होते. गिअरच्या जोडीलाही हा विचार लागू आहे. लहान गिअरचे दात मोठ्याच्या दातांपेक्षा जास्त वेळा भिडतात, म्हणून लहान गिअर पोलादी व अधिक कडक असावा. जुन्या संथ गतीच्या यंत्रांत मोठा गिअर ओतीव लोखंडाचा असला तरी ही जोडी दीर्घकाळ चालते.

नांगराचा फाळ, कोळप्याची पास, रोटाव्हेटरची पाती या मातीत चालणाऱ्या भागांची गोष्ट निराळी आहे. ती झिजण्यासाठीच असतात. साधे एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचे मऊ पोलाद) तिथे लवकर संपते आणि फार कडक पोलाद दगडावर आपटून फुटते. जुन्या वाहनांच्या कमान पाट्यापासून अशी पाती घडवण्याची पद्धत मला योग्य वाटते, कारण त्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. पण तुटलेल्या पाट्याच्या उरलेल्या भागातही बारीक चिरा असू शकतात. घडवण्यापूर्वी गंज घासून पृष्ठभाग नीट तपासावा आणि चीर दिसली तर तो तुकडा सोडून द्यावा. पाणी देताना पोलाद किती तापले हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा चुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर थोडे आणखी तापवून ते तेलात बुडवावे, कारण पाट्याचे पोलाद थेट पाण्यात बुडवले तर तडकण्याचा धोका असतो. काम येथे संपत नाही. बुडवून काढलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. पॉलिश पेपरने एक जागा चकचकीत करून ते पुन्हा हळूहळू तापवले, की त्या जागी आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंशांना निळा रंग उमटतो. निळ्या रंगापर्यंत नेल्याने थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. खडकाळ जमिनीत चालणाऱ्या पात्याला हा व्यवहार फायद्याचा असतो. घाईत हे टेम्परिंग गाळले जाते आणि पाते पहिल्याच दगडावर फुटले की दोष पोलादाला दिला जातो.

काही भाग तुटावेत म्हणूनच बसवलेले असतात. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर (इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) चालणाऱ्या अवजारांतील शिअर बोल्ट हा त्यांपैकी एक आहे. तो वारंवार तुटतो म्हणून वैतागून त्याच्या जागी जास्त ताकदीचा बोल्ट घातला जातो. ४.६ खूण असलेल्या बोल्टची ताण सोसण्याची ताकद ४०० मेगापास्कल आणि ८.८ खूण असलेल्याची ८०० मेगापास्कल असते, म्हणजे ताकद सरळ दुप्पट होते. पुढच्या वेळी अवजारात दगड किंवा मुळी अडकली की बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. मूळ बोल्टवर जी खूण असेल तीच आणि त्याच व्यासाचा बोल्ट वापरावा. तो सारखा तुटत असेल, तर अवजारावर भार का येतो आहे ते शोधावे.

भंगारातून पोलाद घेऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण जुन्या यंत्रांची दुरुस्ती त्यावरच चालते. ते ओळखून मात्र घ्यावे. बांधकामाची टीएमटी सळई कातून पिन करणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. या सळईची ताकद बरीचशी तिच्या बाहेरच्या कडक थरात असते, आतला गाभा मऊ असतो, आणि लेथवर नेमका तो बाहेरचा थरच निघून जातो. स्टेनलेस स्टील चकचकीत असते म्हणून ते मजबूत, हा समजही खरा नाही. नेहमीचे ३०४ जातीचे स्टेनलेस सुमारे २०५ मेगापास्कल ताणालाच कायमचे वाकू लागते, आणि स्टेनलेसवर स्टेनलेस घासले की ते पटकन पकडून बसते. खत पेरणीच्या पेटीत किंवा फवारणीच्या जोडणीत, जिथे खरा शत्रू गंज आहे, तिथे मात्र ते उत्तम आहे.

अनोळखी तुकडा ग्राइंडरवर लावून ठिणग्या पाहाव्यात, डोळ्यांवर गॉगल घालून. कमी कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुलणाऱ्या असतात, तर कार्बन वाढत जातो तशा त्या आखूड होतात आणि टोकाला भरपूर फुलतात. जवळ एम.एस., ईएन ८ आणि कमान पाटा यांचे खात्रीचे तुकडे ठेवून त्यांच्याशी तुलना केली, तरच या परीक्षेचा भरवसा धरावा. शंका राहिली तर लहान तुकडा लाल करून पाण्यात बुडवावा आणि कानस लावून पाहावी. कानस घसरली तर त्या पोलादात कार्बन पुरेसा आहे आणि त्याचे वेल्डिंग जपून करावे लागेल, या दोन्ही गोष्टी एकदम कळतात.

वेल्डिंगबाबत एवढे सांगणे आवश्यक आहे की, ईएन ८ ला, तसेच त्याहून जास्त कार्बनच्या किंवा ईएन १९, ईएन २४ सारख्या मिश्र पोलादांना आधी तापवल्याशिवाय वेल्डिंग करू नये आणि दमट इलेक्ट्रोड वापरू नयेत. जोड त्या दिवशी निर्दोष दिसतो, पण त्यात शिरलेल्या हायड्रोजनमुळे काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनीही टाक्याच्या कडेला चीर जाऊ शकते. जिथे वेल्डिंग अटळ आहे, तिथे ताकद थोडी कमी चालत असेल तर एम.एस. जाड घेणे अधिक सुरक्षित. क्रोमचा मुलामा असलेले हायड्रॉलिक रॉड पिनांसाठी उत्तम असतात, परंतु वेल्डिंगपूर्वी त्यांचा मुलामा त्या जागेवरून पूर्ण काढावा, कारण त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो. स्टिअरिंगचे आर्म आणि ब्रेकचे भाग घरी करूच नयेत. तिथे चूक झाली तर नुकसान यंत्रापुरते राहत नाही.

आपल्या दैनिकामार्फत दोन मागण्या संबंधितांपर्यंत पोहोचाव्यात अशी विनंती आहे. पहिली यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांकडे. एखाद्या यंत्राचे सुटे भाग पुरवणे त्या बंद करतात, तेव्हा त्या भागांचे रेखाचित्र, पोलादाची जात आणि कडकपणाचा आकडा त्यांनी सर्वांसाठी खुला करावा. जो भाग त्या स्वतः विकणारच नाहीत, त्याची माहिती राखून ठेवण्यात कोणाचाही व्यापारी लाभ नाही, आणि शेतकऱ्याचे मात्र चालते यंत्र केवळ एका पिनेपायी भंगारात जाते. दुसरी मागणी पोलाद विक्रेत्यांकडे. सळईची जात तिच्या टोकाला रंगाने किंवा ठशाने दाखवलेली असते. तुकडा कापून देताना नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापावा, म्हणजे उरलेल्या सळईची ओळख राहील, आणि गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर व पावतीवर ती जात लिहून द्यावी. टर्नरनेही ती भागाच्या न झिजणाऱ्या टोकावर ठोकून ठेवावी, म्हणजे पुढे तो भाग मोडल्यावर दुरुस्ती करणाऱ्याला तो कशाचा होता हे नुसते पाहून कळेल.

आपला,
यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक