पास्कू, त्या रात्रीबद्दल

देवबाग, ता. मालवण
४ ऑगस्ट २०२४

प्रिय पास्कू,

फोन करणार होतो पण फोनवर मला हे नीट बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. तुझ्या मेसेजवर सगळे हसले आणि तू आपला ग्रुप सोडलास, त्याला आठवडा होऊन गेला. मी रोज ठरवतो की आज लिहू आणि रोज राहून जातं. काल व्हॅटिकनचंही पत्रक आलं, पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनातल्या काही दृश्यांनी वाईट वाटलं असं, ते वाचलं आणि तुझ्या आईचा चेहरा आठवला, मग म्हटलं आता बस.

आधी त्या रात्रीचं सांगतो. २६ जुलै, आणि ही तारीख आली की २००५ आठवल्याशिवाय राहत नाही, त्यात बाहेर तसाच धो धो पाऊस. अकराला सुरू झालं आपल्याकडे, तुझ्याकडे मस्कतला साडेनऊ असतील. अर्ध्या तासात लाईट गेली आणि मग मी आणि आई मोबाईलवर बघत बसलो, बाहेर पागोळ्यांचा आवाज एवढा की कानाला लावूनच ऐकावं लागत होतं. आईला मी आधी सांगितलंच नव्हतं की ह्या वेळी खेळाडू मैदानात चालत नाहीत, नदीतून बोटींनी येतात. तिने पहिली बोट बघितली आणि उठून बसली. ग्रीस पहिला, यजमान फ्रान्स शेवटी, मधे बाकी सगळे, ८५ बोटी, साधारण सहा किलोमीटर सीन नदीतून, म्हणजे आपलं देवबागच्या टोकापासून तारकर्लीपर्यंत धर. स्टेडियमच्या बाहेर उन्हाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन पहिल्यांदाच होत होतं. आणि तिथेही पाऊस! आई म्हणाली, "पोरां भिजतत रे सगळी, आणि नाचतत बघ कशी." दोन महिने आपल्या होड्या किनाऱ्यावर झापांखाली झाकून पडलेल्या, त्यात ह्या अशा दिवे लावून पाण्यात चाललेल्या होड्या बघून तिला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको, बाबा गेल्यापासून ती समुद्राकडे फारशी बघतसुद्धा नाही.

मला त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त काय राहिलंय माहितीये, तो शंभर वर्षांचा सायकलपटू. चार्ल्स कोस्त, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधला सुवर्णपदकवाला, व्हीलचेअरवर, पावसात, हातात मशाल. त्याच्याकडून ती ज्युदोवाला टेडी रिनेर आणि धावपटू मारी-जोझे पेरेक ह्यांनी घेतली आणि दोघांनी मिळून ती ज्योत पेटवली ती थेट फुग्याला लागून वर आकाशात गेली. तो खरा जाळ नव्हताच म्हणे, पाण्याचे तुषार आणि विजेचा उजेड. आणि मग आयफेल टॉवरवरून सेलिन डिऑन. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच जगाला सांगितलं होतं की शरीर ताठ होत जाणारा आजार आहे, २०२० पासून ती कुठे गायली नव्हती, आणि ती तिथे उभी राहून एडिथ पियाफचं जुनं गाणं गायली. फ्रेंच कळत नाही आपल्याला पण आईने डोळे पुसले, मीपण.

आणि सकाळी उठून ग्रुप उघडला तर ह्यातलं काहीच नाही.

अर्ध्या लोकांना सिंधूची साडी दिसली. ती आणि शरथ कमल आपला झेंडा घेऊन उभे होते आणि चर्चा काय तर कापडावर इकतची छापील नक्कल आहे, विणलेलं नाही. तो मुद्दा चूक नाही रे, जिथे घराघरात माग चालतात त्या देशाने छापील कापड नेसवून पोरांना जगासमोर पाठवावं हे मलाही खटकलं, मंगोलियाचे कपडे बघितलेस ना, त्या बाजूला आपले किती साधे दिसले. पण ११७ खेळाडू गेलेत आपले, त्यातल्या दहा जणांची नावं ग्रुपवर कोणी लिहिली नाहीत. मग दक्षिण कोरियाची बोट आली तेव्हा उत्तर कोरिया म्हणून पुकारा केला त्यावर विनोद, ऑलिम्पिकचा झेंडा उलटा चढवला त्यावर विनोद. त्या कोरियन पोरांना काय वाटलं असेल. आयुष्यभर मेहनत करून तिथवर पोचायचं आणि देशाचंच नाव चुकीचं कानावर पडायचं. ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांनी फोन करून त्यांच्या राष्ट्राध्यक्षांची माफी मागितली, ती मागायलाच हवी होती.

आणि मग तुझा मेसेज. तू एवढंच लिहिलं होतंस की त्या पुलावरचा तो मेजवानीचा प्रसंग, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या चित्रासारखा, बघून वाईट वाटलं, आमच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या वर भिंतीवर तोच फोटो आहे. आणि त्याच्याखाली हसायचे इमोजी, दहा-बारा. कोणीतरी लिहिलं एवढं काय मनाला लावून घेतोस, कला आहे ती. आणि पास्कू, मी ते सगळं वाचत होतो. ऑनलाईन होतो. काही लिहिलं नाही. तू रात्री ग्रुप सोडलास तेव्हासुद्धा नाही. त्याची मला लाज वाटते आणि ती तुला सांगायची म्हणून हे पत्र.

तो फोटो मला तुझ्याइतकाच माहीत आहे. नाताळला तुमच्याकडे त्याच्याचखाली बसून नेवऱ्या आणि दोदोल खाल्लेत आपण, मावशी, तुझी आई, आधी त्या फोटोकडे बघून हात जोडायची आणि मग आम्हाला वाढायची. मी लहान होतो तेव्हा मला वाटायचं तो तुमच्या कुणा पूर्वजांचा फोटो आहे, सगळे बसलेत जेवायला. ज्यांनी हसायचे इमोजी टाकले ना, त्यांच्या देवाबद्दल कोणी काही बोललं तर ते काय करतात ते आपण दोघांनी बघितलंय.

मावशी सोमवारी आली होती घरी. "बाबू, खरा काय रे ह्या? आमच्या देवाच्या जेवणाची टर उडवल्यानी म्हणतत?" तिने बघितलं नव्हतं, रविवारी चर्चमधून आल्यावर कोणीतरी सांगितलं होतं. मी दाखवावं की नको कळेना, पण तीच म्हणाली दाखव. दाखवलं. आणि दिग्दर्शक तोमा जोली काय म्हणाला तेही सांगितलं, की त्याच्या मनात ते चित्र नव्हतंच, ग्रीक देवांची मेजवानी होती, तो निळ्या रंगाचा माणूस म्हणजे वाईनचा देव, सीन नदीची जी देवी तिचा बाप. आयोजकांनी रविवारी माफी मागितली तेही सांगितलं. मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तेंच्या मनात काय होता ता तेंका ठावक. माका तर ता जेवाणच दिसला." आणि उठून गेली, चहाही अर्धाच.

मी ह्यावर खूप विचार केला. तुला खरं सांगतो, मला जोलीचं बोलणं खोटं वाटत नाही. आणि मावशीचं तर वाटतच नाही. त्याने जे केलं ते एक आणि तिला जे लागलं ते एक, आणि आपल्या ग्रुपला दोन्हीपैकी एक खोटं पाडल्याशिवाय झोप येत नव्हती. मला फ्रान्सच्या बिशपांचं पत्रक आवडलं, त्यांनी आधी लिहिलं की सोहळ्यात सौंदर्य होतं, आनंद होता, आणि मग लिहिलं की ख्रिस्ती धर्माची चेष्टा झाली त्याचं आम्हाला दुःख आहे. असं दोन्ही बोलता येतं. आणि तिथे जी डीजे बाई होती, बार्बरा बुच, तिला जिवे मारायच्या धमक्या आल्यात, तेही मावशीला सांगितलं मी नंतर, तर ती म्हणाली असा नको करूक कोणी, आणि क्रूस केला. तू पण हेच म्हणाला असतास.

आता १ तारखेचं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, पण वारा असा होता की यांत्रिक बोटीसुद्धा सगळ्या नाही गेल्या आणि आपले रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, तर १९ तारखेच्या नारळी पौर्णिमेशिवाय पाण्यात उतरणार नाहीत. त्याच दुपारी स्वप्नील कुसाळेचं कांस्य. ५० मीटर रायफल, थ्री पोझिशन, ४५१.४ गुण. कांबळवाडीचा, राधानगरी तालुका, म्हणजे आपला फोंडाघाट चढलं की आलंच रे! खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं १९५२, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या पोराला वैयक्तिक पदक. पदक मिळालं तेव्हा रेल्वेत टीसी होता तो. ग्रुपवर फटाके, फुलं, झेंडे, शंभरच्या वर मेसेज. मला आनंद झाला पण सारखं वाटत होतं की पास्कू नाहीये ह्यात, आणि शाळेत एअरगनच्या स्टॉलवर सगळे फुगे तूच फोडायचास.

म्हणून आज सकाळी मी लिहिलं ग्रुपवर. फार नाही, चार ओळी. की पास्कूला वाईट वाटलं त्यावर आपण हसलो ते चुकलं, मी गप्प बसलो ते त्याहून चुकलं, त्याच्या आईच्या हातचं आपण सगळ्यांनी खाल्लंय. दोघांनी सॉरी लिहिलं. एकाने ग्रुप सोडला. बाकीचे अजून गप्प आहेत. तुला परत यायचं असेल तर ये, नसेल यायचं तर नको, त्यावर मी काही बोलणार नाही.

मावशीला मात्र फोन कर. संध्याकाळी सहानंतर कर, तेव्हा ती विहिरीकडे असते आणि रेंज तिथेच येते. पावसाने तुमच्या मागच्या पडवीची दोन कौलं सरकलीत, ती मी बसवून दिली आहेत, काळजी करू नको. आणि ती तुला सांगणार नाही म्हणून मी सांगतो, तो फोटो तिने भिंतीवरून उतरवून पुसून परत लावलाय, ओल येत होती म्हणाली.

तुझा,
बाबू