पाण्याच्या भांड्यात पुडी सोडण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबईतल्या कबूतरखान्यांचा वाद २०२५ साली हायकोर्टात गाजला, तेव्हापासून आमच्या गल्लीची माझ्या ढाबळीकडं, म्हणजे कबुतरांच्या घराकडं, बघायची नजर बदलली. शेजारच्या काकूंनी परवा गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांचं ताट माझ्याकडं बघत बघतच आत नेलं. चौकात दाणे फेकणं वेगळं आणि रेसची कबुतरं पाळणं वेगळं, हे सांगायला म्हणून मी पत्र लिहायला बसलो. लिहिता लिहिता वाटलं, काकूंना काही शिकवण्याआधी आम्ही ढाबळवाल्यांनी आपलं घर झाडलेलं बरं. म्हणून हे पत्र माझ्या भाऊबंदांना आहे. कोल्हापुरापासून मिरजेपर्यंत ते तुमचंच वर्तमानपत्र घेतात, निदान ढाबळीत खाली अंथरायला तरी.

माझ्याकडं आज सव्वीस होमर, म्हणजे लांब सोडलं तरी घरी परतणारी रेसची कबुतरं, आहेत. चार वर्षांपूर्वी चौतीस होते. मधली गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

त्या डिसेंबरात माझी एक निळी मादी पाण्याच्या भांड्यावरून हलेना. शीट नुसती पाण्यासारखी, मध्ये एक बारीक हिरवा दोरा. मला वाटलं, थंडी बाधली असेल. रविवारी निपाणीहून सराव होता, म्हणजे पाखरं तिथं नेऊन सोडायची आणि ती उडत घरी येतात. टेम्पोत सहा ढाबळींची पाखरं एकत्र जाणार होती. हिला घरी ठेवायला पाहिजे होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आदल्या हंगामात ती बेळगावहून दीड तासात घरी उतरलेली, आणि मंडळींपुढं मिरवायचा मोह काही सुटला नाही. घातली बास्केटमध्ये. ती आली, वेळेत आली. मी चहा पाजला सगळ्यांना.

दहा-बारा दिवसांनी एक नर दाणे टिपताना चुकायला लागला. चोच दाण्याच्या शेजारी पडायची, पुन्हा उचलायचा, पुन्हा चुकायचा. मग त्याची मान फिरली, अगदी उलटी, चोच आभाळाकडं. तोवर आणखी तीन पाण्यावर बसलेली. मी गेलो दुकानात. दुकानदाराचं नाव घेत नाही, कारण पुडी त्यानं दिली तरी पाण्यात सोडली मी. पांढरी पावडर, वर चिठ्ठी नाही, औषधाचं नाव नाही, मुदत नाही. ‘स्पेशल आहे, सगळ्यावर चालते.’ आठ दिवस दिली. अकरा पाखरं गेली. निळी मादीही गेली. आणि त्या टेम्पोतल्या आणखी दोन ढाबळींत मान फिरलेली पाखरं निघाली.

मग मी पशुवैद्यांकडं गेलो. म्हणजे जिथं पहिल्या दिवशी जायचं तिथं शेवटी. त्यांनी सांगितलं ते असं. कोंबड्यांची मानमोडी, जिला राणीखेत म्हणतात, तिच्याच विषाणूचा कबुतरांतला भाऊ म्हणजे हा पॅरामिक्सो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, मग पुडी कितीही स्पेशल असो. या रोगाला औषध नाही. पाखरू वेगळं ठेवायचं, दाणे खोल भांड्यात भरून द्यायचे म्हणजे चुकलेली चोचही दाण्यातच पडते, आणि वाट बघायची. बरीच पाखरं काही आठवड्यांत सावरतातसुद्धा. माझी का सावरली नाहीत, यावर डॉक्टरांनी मलाच उलट विचारलं, ‘आजारी पाखरू पाणी किती पीत होतं?’ दुप्पट-तिप्पट, मी म्हटलं. ‘मग औषधही दुप्पट-तिप्पट गेलं की.’

हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. आपण औषध पाण्यातून देतो आणि माप मात्र बादलीचं धरतो. तहानलेलं पाखरू त्यातून विष पितं, आणि जे कोपऱ्यात मान घालून बसलंय, पाण्याकडं फिरकतच नाही, त्याच्या पोटात थेंब जात नाही. त्यात ती पावडर पोल्ट्रीच्या हिशेबानं बनवलेली, दीड-दोन किलोच्या कोंबडीसाठी. आपलं होमर साडेचारशे ग्रॅमचं.

तेव्हापासून मी पुडीवाल्यांशी भांडतो. लोक म्हणतात, सीझनच्या आधी एक कोर्स दिलेला बरा असतो, पोट साफ होतं. अहो, पोटातले उपयोगाचे जंतूही साफ होतात. शिवाय अर्धवट कोर्स करून आपण त्या जंतूंना औषध पचवायचा सरावच देतो. पाखरांना आधी निपाणी, मग बेळगाव, मग हुबळी असं लांब लांबून सोडत सराव देतो, तसाच. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक पोल्ट्रीच्या खाद्यात सर्रास जायचं. माणसाला दुसरं काही लागू पडेना की डॉक्टर शेवटी तेच काढतात, म्हणून केंद्र सरकारनं २०१९ साली खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पोल्ट्रीत त्यावर बंदी घातली. आपली कबुतरं कोणी खात नाही हे खरं, पण ढाबळीची शीट झाडतो कोण? आपणच, आणि शेजारी खेळणारी नातवंडं.

गळ्यातल्या रोगाचंही तेच. चोच उघडून बघितली की आत पिवळा, चीजसारखा थर. तो एका सूक्ष्म परजीवीचा, आणि आई-बाप गळ्यातून जे दुधासारखं पाजतात त्यातूनच पिल्लाला मिळतो, नाहीतर सगळ्यांच्या एकाच पाण्याच्या भांड्यातून. त्याला औषध आहे आणि चांगलं आहे. पण थर दिसला म्हणजे तोच, असं नाही. कबुतरांच्या देवी आतून फुटल्या तरी घशात असाच पिवळेपणा येतो. गळ्यातला ओला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बघावा लागतो, कारण तो जीव वाळला की मरतो आणि मग काही दिसत नाही. म्हणून पाखरू जिवंत घेऊनच जायचं. मी सायकलला टोपली बांधून नेतो, लोक हसतात. शीट तपासायची तर सकाळची ताजी, चार-पाच पाखरांची मिळून, स्वच्छ डबीत. कॉक्सीचे, म्हणजे आतड्याच्या एका रोगाचे, थोडे जंतू धडधाकट पाखरातही सापडतात. तेवढ्यावरून औषध द्यायचं नसतं, हेही मला डॉक्टरांनीच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी औषध न देता मला परत पाठवलं आणि मला फसवल्यासारखं वाटलं होतं! पैसे देऊन मोकळ्या हातानं परत यायचं, हे आपल्याला पटत नाही.

आमचे वस्ताद पाण्यात लसूण ठेचून घालायचे, पावसाळ्यात ओवा. मी अजून घालतो. त्यानं नुकसान नाही, पण त्यानं मानमोडी बरी होते असं म्हणणाऱ्याला माझ्या ढाबळीत पाय ठेवू देणार नाही. वस्तादांचं खरं शहाणपण दुसरीकडंच होतं. ते ढाबळ कोरडी ठेवायचे. फळ्यांमधून वारा आरपार, पण पाखराच्या अंगावर झोत नाही. नवीन पाखरू आणलं की महिनाभर बाहेरच्या खुराड्यात, मग तो कितीही मोठ्या रक्ताचा नर असो. आमच्याकडं जुलै-ऑगस्टात पंचगंगा चढते तेव्हा सगळं ओलं होतं. २०१९ च्या पुरात माझा मका भिजला, मी वाळवून पुन्हा वापरला. त्याला बुरशीचा वास येत होता. पाखरं उलटून टाकायला लागली तेव्हा कुठं तो खड्ड्यात गेला. स्वस्त मका सगळ्यात महाग पडतो. आता मका, ज्वारी, वाटाणा आणि थोडी करडई, मूठभर घेऊन नाकाला लावल्याशिवाय पोत्यातून काढत नाही.

मेलेलं पाखरू कचऱ्यात टाकू नका. तपासणीला द्यायचं असेल तर पिशवीत घालून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलं की आतलं काही नीट कळत नाही. आपल्या भागातून जायला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याला औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. तपासायचं नसेल तर चुना टाकून खोल पुरा. आणि एकाच वेळी बरीच पाखरं मेली तर गप्प बसू नका, सरकारी दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू निघाला तेव्हा पोल्ट्रीवाल्यांचं काय झालं, ते आपण बघितलंय.

काकूंच्या सांडग्यांविषयीही एक. कबुतराच्या शिटीची आणि पंखांची धूळ काहींच्या फुप्फुसाला बाधते, हे खरं आहे, आणि सगळ्यात आधी बाधते ती पाळणाऱ्यालाच. मला दोन वर्षं कोरडा खोकला होता, मी तंबाखूवर ढकलत होतो. आता मास्क लावल्याशिवाय खरवडणं हातात घेत नाही, आधी थोडं पाणी शिंपडतो, आणि झाडतो ते काकू देवळात गेल्यावर.

राहिलं लसीचं. विषाणूला औषध नाही, पण लस आहे. मेलेल्या विषाणूची, मानेमागं कातडीखाली टोचायची, आणि हंगामाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे अंगात ताकद तयार व्हायला वेळ मिळतो. आजारी पाखराला ती टोचून उपयोग नाही. पोल्ट्रीच्या लशीची बाटली शेकडो डोसांची येते आणि एकट्याला परवडत नाही, ही सबब मीही वर्षानुवर्षं सांगितली. सहा ढाबळींनी मिळून एक बाटली आणायची, थंड डब्यात ठेवायची, एकाच सकाळी डॉक्टरांना बोलवायचं, इतकं ते सोपं आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघांनी केलं. ब्रिटनमध्ये तर लस न टोचलेलं पाखरू रेसमध्ये घेता येत नाही, असा कायदाच आहे, आणि ते बघायची जबाबदारी रेस भरवणाऱ्यांवर आहे. आपल्याकडं कायद्याची वाट कशाला बघायची? बास्केट आपली, टेम्पो आपला. पाखराच्या पायातल्या कडीचा नंबर आणि लस टोचल्याची तारीख वहीत नसेल तर पाखरू टेम्पोत चढणार नाही, एवढं आपल्या मंडळांनी ठरवावं.

यंदाच्या पहिल्या सरावाला मी ती वही घेऊन टेम्पोपाशी उभा राहणार आहे. कोणी रागावलं तर रागावू दे. पहिल्या पानावर माझीच दोन पाखरं लिहिली आहेत, एकाची शीट परवापासून पातळ आहे आणि दुसरं त्याच्याच खणातलं. दोघांच्या पुढं लिहिलंय, ‘घरी’.

आपला,
एक जुना ढाबळवाला, कसबा बावडा, कोल्हापूर
(नाव छापू नये. गल्लीत ओळखतातच.)