‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न अपुरा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोजच्या सवयींतून जडणाऱ्या आजारांविषयी आपल्या वृत्तपत्रात येणारे लेख मी कापून ठेवते. त्यांत मीठ, साखर, फरसाण, रंकाळ्यावरचा सकाळचा फेरफटका, मोबाईलपायी बिघडलेली झोप हे सारे येते. आणि तंबाखूचा विषय निघाला की पानटपरी, गुटख्याची पुडी आणि पुरुष येतात. मात्र कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत कित्येक घरांतील बायका रोज सकाळी उठल्याबरोबर जी तंबाखू बोटाने हिरड्यांना चोळतात, तिचा उल्लेख मला त्या कात्रणांत क्वचितच आढळला. मी मशेरीविषयी लिहीत आहे.

माझ्या सासूबाई आज 72 वर्षांच्या आहेत. लग्न होऊन या घरात आल्यावर मशेरी लावायला त्यांना त्यांच्या सासूनेच शिकवले. पंधरवड्यातून एकदा परसात चूल पेटवून, त्याच कामासाठी बाजूला ठेवलेल्या जुन्या लोखंडी तव्यावर त्या तंबाखू भाजत. पाने काळी पडून कुरकुरीत होऊ लागली की असा ठसका उठे की बोळातली मुले खोकत पळून जात. मग ती हातानेच चुरायची, फडक्यातून गाळायची, पावडरच्या रिकाम्या डबीत भरायची आणि डबी न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवायची. दात घासण्यापुरती सुरू झालेली ही मशेरी पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागू लागली. दुपारची भांडी आटोपली की सासूबाई उंबऱ्यावर बसत आणि बोट तोंडात घालून दहा मिनिटे कोणाशीही बोलत नसत. भरल्या घरात त्यांना मिळणारी उसंत तेवढीच होती, हेही मान्य केले पाहिजे. म्हणूनच याला नुसते ‘व्यसन’ म्हणून हिणवणे माझ्या जिवावर येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेत आरोग्य तपासणीचे शिबिर भरले होते. रक्तदाब पाहिला, साखर तपासली आणि कागदावर खुणा करता करता तरुण डॉक्टरांनी विचारले, ‘आजी, तंबाखू खाता का?’ सासूबाई म्हणाल्या, ‘न्हाई ओ, आमच्यात बायका तंबाखू खात न्हाईत.’ डॉक्टरांनी ‘नाही’वर खूण केली आणि तोंड उघडून पाहण्याचे राहून गेले. सासूबाई खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तंबाखू खाणारी माणसे निराळी आणि मशेरी ही दात घासायची पूड. मी शेजारीच उभी होते आणि मलाही त्यात काही चुकले असे वाटले नाही, हे लिहिताना संकोच होतो. दोन वर्षांनी दात काढायला गेलो तेव्हा खालच्या हिरडीलगत पांढरा चट्टा दिसला. तुकडा काढून तपासला, त्यात सुदैवाने कर्करोग निघाला नाही. पण असे चट्टे पुढे कर्करोगात बदलू शकतात, म्हणून आता ठरावीक काळाने तोंड दाखवायला जावे लागते.

तंबाखू भाजली की तिचा जोर जातो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात निकोटिन शिल्लक राहते, आणि पाने जळताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये नव्याने तयार होतात, म्हणजे भाजण्याने उलट भरच पडते. हिरडीतून निकोटिन रक्तात उतरते, नाडी आणि रक्तदाब वाढवते, आणि गरोदरपणी लावलेली मशेरी बाळाच्या वजनावर परिणाम करते. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके ठणकते’ अशी जी तक्रार बायका सांगतात, ती त्याच निकोटिनची ओढ असते.

कायद्याचा हात येथवर पोहोचत नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 मध्ये मनाई केली, राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आणली. पण बाजारातून सुटी तंबाखू आणून घरच्या तव्यावर कोण भाजते, हे कोण पाहणार? 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते, तर धूर न काढता तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. असे असताना आपल्या बहुतेक फलकांवर सिगारेटच का रंगवलेली असते, हे मला कधी उमगले नाही.

म्हणून माझी विनंती अगदी छोटी आहे. तिशी ओलांडलेल्यांची माहिती घ्यायला आशाताई जो तक्ता घेऊन घरी येतात, त्याची जी प्रत माझ्या पाहण्यात आली, तिच्यात तंबाखूच्या प्रश्नापुढे उदाहरणादाखल गुटखा आणि खैनी यांची नावे होती. खैनी हा शब्द आमच्या गल्लीत कोणी उच्चारत नाही. तेथे ‘मशेरी’ लिहिले आणि आशाताईंनी ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असे विचारले, तर उत्तर आपोआप वेगळे येईल. गरोदर बाईच्या पहिल्या नोंदणीतही हाच प्रश्न याच शब्दांत असावा. ‘हो’ म्हणणाऱ्या प्रत्येकीचे तोंड तेथेच उजेडात पाहावे. त्याला एक बॅटरी आणि दोन मिनिटे पुरतात. सोडू इच्छिणाऱ्यांना 1800-11-2356 हा तंबाखूमुक्तीचा निःशुल्क क्रमांकही त्याच वेळी लिहून द्यावा. सासूबाईंची मशेरी सुटायला आठ महिने लागले, आणि त्यात दोनदा डबी पुन्हा कोनाड्यात परतली होती. तेव्हा नुसते ‘सोडा’ सांगून कोणाची सुटेल, अशी आशा मी धरत नाही.

जिल्हा परिषद आणि महानगरपालिका यांच्या आरोग्य विभागांनी पुढच्या शिबिरांच्या कागदांत एवढा बदल करावा, ही विनंती आपल्या स्तंभातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर