खालच्या खाचराबद्दल

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाताचं खालचं खाचर पाहुण्यांच्या तंबूंसाठी भाड्यानं द्यायचं का, असं रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी नुसतं "बघू" म्हणून ठेवून दिला, ते तुझ्या मनाला लागलं असणार. टेकाडावर चार माणसं रेंज धरून उभी असतात, तिथं घरच्या जमिनीचं बोलणं मला जमत नाही. शेजारचा पोरगा परवा नाशिकला येतोय, त्याच्याजवळ हे पत्र देतो. सातपूरला तुझ्या खोलीवर आणून देईल. सावकाश वाच.

तुझ्या ओळखीचा माणूस धरणाकडेच्या खालच्या खाचरात पंधरा तंबू टाकणार, पाच वर्षांचं स्टॅम्प पेपरवर लिहून घेणार आणि दर साल रोख रक्कम देणार. पैशाची गरज मला कळत नाही असं समजू नकोस. दिवाळीनंतर आम्ही दोघं नारायणगावला टोमॅटो तोडायला जातो, ते हौसेनं नाही. तुझ्या बहिणीला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा श्रावणात रस्ता खचला होता. चौघांनी डोलीत घालून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं आणि पुढं खाजगी दवाखान्यात उसने पैसे भरले. ते फेडायला दोन वर्षं गेली. म्हणून तुझा मी राग धरलेला नाही. पण खाचर देणार नाही, आणि का ते तुला नीट सांगायला हवं.

आधी कायद्याचं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे तुला माहीत आहे. भाडेपट्ट्यालाही तोच नियम आहे, जमीन महसूल कायद्याचं कलम 36 अ. परवानगीवाचून केलेला तो कागद उद्या आपल्या कामाचा नाही. तलाठ्याला विचारून मग लिहितोय.

आता खाचराचं. भंडारदऱ्याचं काम 1910 ला सुरू झालं आणि 1926 ला धरण पुरं झालं. माझ्या आज्याच्या बापाची भाताची खाचरं त्या पाण्याखाली गेली. माणसं वर सरकली. वर होता नुसता कातळ आणि मुरूम. आज्यानं उतारावर दगडाचे बांध घातले आणि पावसात डोंगरावरून येणारी माती त्या बांधाला अडवत गेला. पहिली काही वर्षं त्यात नुसती नागली व्हायची. भात धरण्याइतका गाळ साचायला अर्धं आयुष्य गेलं, असं तो सांगायचा. उगवतीच्या बांधात जो मोठा काळा दगड आहे, ज्यावर उभा राहून तू बैल धुवायचास, तो त्यानं आणि त्याच्या भावानं पहारीनं लोटत आणलेला आहे. तंबूवाले आधी जमीन सपाट करतात, मुरूम टाकतात, गाडी यायला बांध फोडतात. एकदा बांध फुटला की एका पावसाळ्यात माती धरणात जाते. घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आपल्याकडेही त्याच्या खालोखाल. तेवढ्या पाण्यापुढं फुटलेला बांध टिकत नाही. पाच वर्षांनी तो माणूस तंबू उचलून जाईल आणि आपल्या हातात कातळ राहील.

आणि पाणी. तू इथं असतास तर हा विषय काढला नसतास. रोहिणी निघाल्यात, पण अजून थेंब नाही. तुझी आई पहाटे तीनला झिऱ्यावर, पाझराच्या खड्ड्यावर, जाते. परवा मीही गेलो होतो. खड्ड्यात बॅटरी धरली तर तळाला ओंजळभर पाणी, त्यात जांभळाचं एक पान. आई वाटीनं भरते, हंड्यात ओतते, मग बसून राहते परत साचेपर्यंत. एका हंड्याला पाऊण तास लागला. तिच्यामागं सहा बायका होत्या. कोणी भांडत नव्हतं. बोलायचंही त्राण नव्हतं. समोर अकरा टीएमसीचं धरण, त्याच्या पाण्यावर खाली प्रवरेच्या काठी ऊस उभा आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आपल्याकडच्या माणसाला म्हण म्हणून सांगावं लागत नाही.

आता हिशेब कर. काजवे बघायला माणसं येतात ती नेमकी मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला. पंधरा तंबू म्हणजे तीस माणसं, माणशी दोन बादल्या धरल्या तरी साठ बादल्या झाल्या रोजच्या. कुठून आणायच्या? टँकरचं पाणी पाहुण्यांच्या टाकीत जाईल आणि गावच्या बायका रांगेत राहतील. तुझ्या आईला मी असं रांगेत बसलेलं बघू शकत नाही.

काजव्यांचंही सांगतो. लहानपणी मागच्या सादड्यावर नि हिरड्यावर काजवे चमकायचे तेव्हा तू माझ्या खांद्यावर झोपून जायचास. सगळं झाड एका दमात उजळायचं नि एका दमात विझायचं. काजवा उजेड करतो तो जोडीदार शोधायला. गेल्या साली शनिवारी रात्री गाड्यांचे दिवे त्याच झाडावर पडले आणि झाड काळं झालं ते पुन्हा उजळलं नाही. लोक गवत तुडवत मोबाइलचा दिवा लावून फिरत होते. मला फार वाईट वाटलं.

पाहुणे येऊच नयेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या जेवणावर आपल्या वाडीतली तीन घरं चालतात, आणि तुझ्या आईच्या हातची नागलीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन माणसं नाव काढतात. माझं म्हणणं असं की घरामागचा वरकस, हलक्या जमिनीचा माळ आहे, नागली घेऊन तो आता पडीक टाकलाय. तिथं चार तंबू टाकू, आपले, आपल्या नावावर. गाड्या देवळापाशीच राहतील आणि रात्री दिवे बंद. पण त्याआधी पाण्याची टाकी. तू तंबूंसाठी जे पैसे बाजूला काढलेत ते यंदा त्यात घालू. झिरा उन्हाळ्यातच खोल करून बांधून घ्यायचा आणि घराच्या पत्र्याचं पावसाचं पाणी टाकीत सोडायचं. इतका पाऊस पत्र्यावरून ओघळून जातो नि मेमध्ये आपण वाटीनं पाणी भरतो, हे मला कैक वर्षं खुपतंय. पुढच्या मेमध्ये टाकीत पाणी उरलं तर तंबू. नाही उरलं तर नाही.

बाकी घरचं ठीक. भाताच्या रोपांसाठी राब चैत्रातच भाजले. शेण, पातेरा, तोडलेली कवळं असे थर, वरून बारीक माती, आणि पेटवलं वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे आग सावकाश सरकली. जमीन चांगली भाजलीय, यंदा तण कमी येईल. आईनं काळभाताचं बी राखेत घालून कणगीत ठेवलंय, एक मूठ कुणाला देत नाही. देशी बियाणं राखणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 ची पद्मश्री मिळाली तेव्हापासून तिला वाटतं आपणही काही कमी राखलेलं नाही, आणि ते खरंच आहे. मोठ्या डांगी बैलाचा उजवा खूर दुखावलाय. रोज हळद-तेल लावतो. चिखलणीपर्यंत उभा राहील असं वाटतं, नाहीतर सावडीला, म्हणजे कामाच्या बदल्यात काम करून, शेजारची जोडी मागू.

भाताची आवणी, म्हणजे लावणी, आषाढात धरलीय, चार घरांची सावड आहे. दोन दिवसांची रजा आत्ताच टाकून ठेव, मागच्या वेळेसारखं ऐनवेळी नको. येताना आईच्या पावसात पांघरायच्या घोंगतीसाठी जाड प्लास्टिकचा कागद आण, इथला पातळ असतो, झाडोऱ्यात पहिल्याच दिवशी फाटतो. आणि पन्हळीच्या पाइपचा भाव विचारून ये. पत्र्याची लांबी मी मोजलीय, बावीस फूट.

तुझा बाप