वाचून झालं, आता पुस्तक मिटा

महोदय,

परीक्षा जवळ आली की मुलांना ‘आणखी दोनदा वाचून काढ’ असं सांगितलं जातं. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो आणि मूल त्यालाच ‘येतंय’ समजतं. उत्तरपत्रिकेपुढे मात्र ओळखून भागत नाही, आठवावं लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत फेरवाचन करणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं होतं.

करायचं ते साधं आहे. पान-दोन पानं वाचून पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर उतरवायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरायचं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, नंतर तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. घोटाळा होतो तो अडल्याबरोबर पुस्तकात डोकावण्याने. निदान मिनिटभर तरी ताण द्यावा, कारण त्या धडपडीतच स्मरण पक्कं होतं. चुकीचं लिहिलेलं मात्र लगेच तपासावं, नाहीतर चूकच पाठ होते.

सुरुवातीला कागद अर्धा कोरा राहतो आणि मूल हिरमुसतं. त्या वेळी पालकांनी ‘एवढंही येत नाही?’ म्हटलं, की मूल पुन्हा सोप्या फेरवाचनाकडे वळतं. या कागदाला गुण देऊ नयेत, भावंडांच्या कागदाशी तुलना तर नकोच. आणि झोप कापून हे करू नये. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागतेच.

– एक शालेय समुपदेशक