निळूभाऊंसाठी पुन्हा पुन्हा

महोदय,

आवडता चित्रपट कोणता, असं कुणी विचारलं की मी ‘सिंहासन’ (१९७९) म्हणतो आणि लगेच ‘सामना’ही जोडतो. दोन्हींचं दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा विजय तेंडुलकरांची. पण मला खरी ओढ निळू फुले यांची. ‘सामना’त ते साखरसम्राट हिंदुराव. समोर डॉ. लागूंचा दारुडा मास्तर ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न काही केल्या सोडत नाही आणि हिंदुरावाचा रुबाब आतून ढासळू लागतो. नुसत्या डोळ्यांतून निळूभाऊ ते दाखवतात! ‘सिंहासन’मध्ये तोच माणूस पत्रकार दिगू होतो. त्याला सत्तेचा सगळा खेळ दिसतो, पण हाती काहीच नसतं. एकाच नटाची ही दोन टोकं पाहताना मी आजही थक्क होतो.

‘उंबरठा’ही (१९८२) आवडता, स्मिता पाटीलसाठी आणि सुरेश भटांच्या ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’साठी.

हे तिन्ही चित्रपट चांगल्या प्रतींसह चित्रपटगृहांत पुन्हा लागावेत. विशेषतः ‘सामना’. कॉलेजातल्या मुलांनी तो मोठ्या पडद्यावर पाहायलाच हवा.

– एक चित्रपटप्रेमी, सातारा